टुंझे ऑस्मोलेटर ३१५५: प्रवाळ टाकीचे पाणी राखणाऱ्या यंत्राचे परीक्षण

घरात खाऱ्या पाण्याची प्रवाळ टाकी वर्षानुवर्षे सांभाळताना खरी चिकाटी लागते ती मासे निवडण्यात किंवा दिवे बसवण्यात नव्हे, तर रोज उडून जाणारे पाणी रोज भरून काढण्यात. काम पाच मिनिटांचे असते, पण त्याला सुट्टी नसते. आणि ज्यांनी मोठ्या हौसेने टाकी उभी करून दोन-तीन वर्षांत ती मोडीत काढली, त्यांच्यापैकी अनेकांना याच रोजच्या बांधिलकीने थकवलेले मी पाहिले आहे. त्यामुळे कमी देखभालीची प्रवाळ टाकी हवी असेल तर पहिला मोठा खर्च कशावर करावा, असे कोणी विचारले, तर पाण्याची पातळी आपोआप राखणाऱ्या चांगल्या यंत्रावर करावा, असे मी ठामपणे सांगतो. पुण्यातील माझ्या टाकीवर टुंझे या जर्मन कंपनीचा ऑस्मोलेटर ३१५५ गेली काही वर्षे अखंड चालू आहे आणि हे परीक्षण त्याच वापरावर आधारलेले आहे.

प्रथम टाकीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण यंत्राची उपयुक्तता टाकीच्या स्वरूपावर अवलंबून असते. वरची काचेची टाकी आणि तिच्या खाली कपाटात ठेवलेला संप, म्हणजे पूरक टाकी, मिळून सुमारे २०० लिटर पाणी आहे. त्यात क्लाउनफिशची जोडी, काही गोगलगायी, एक क्लीनर झिंगा आणि झोआन्थस, मशरूम, लेदर कोरल असे मऊ प्रवाळ आहेत. कठीण सांगाड्याचे प्रवाळ मी ठेवलेले नाहीत. आपल्याकडे सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवण किंवा मन्नारच्या आखाताच्या समुद्रातून काढलेला प्रवाळ वा प्रवाळखडक विकत घेणे हा सरळसरळ गुन्हा आहे, आणि एखादा विक्रेता तो ‘परवानगीचा माल’ म्हणून पुढे करत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. शिवाय मऊ प्रवाळांची कॅल्शियमची गरज कमी असते, त्यामुळे पाण्यात रोज रसायने घालण्याचा व्याप टळतो. अशा टाकीत सांभाळायच्या गोष्टी मोजक्याच उरतात आणि त्यांत सर्वांत वर असते ती क्षारता.

पाणी उडते, मीठ मागे राहते. अडचण एवढीच आहे, पण तिचा हिशेब मांडल्याशिवाय तिचे गांभीर्य लक्षात येत नाही. समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारण एक हजार भागांत ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असते. माझ्या टाकीतून एप्रिल-मे महिन्यांत पंखे चालू असताना रोज जवळपास चार लिटर पाणी उडते. एका दिवसात क्षारता ३५ वरून ३५.७ वर जाते, आणि त्याने प्रवाळांचे फारसे बिघडत नाही. चार दिवस पाणी घातले नाही, तर मात्र ती ३८ वर पोहोचते, आणि पाचव्या दिवशी घाईने सोळा लिटर गोडे पाणी ओतले, तर काही मिनिटांत पुन्हा ३५ वर कोसळते. प्रवाळ आणि झिंगे यांना त्रास होतो तो या चढउताराचा. क्षारता ३४ असो की ३५.५, ती एका जागी स्थिर असेल तर ते तिच्याशी जुळवून घेतात. दर आठवड्याला हेलकावे खाणाऱ्या पाण्यात मात्र लेदर कोरल दिवसेंदिवस मिटून राहतो, झोआन्थस उघडत नाहीत, आणि दोष भलत्याच गोष्टीला, बहुधा दिव्याला, दिला जातो.

पंख्यांचा उल्लेख आला आहे, तेव्हा त्याविषयीही सांगतो, कारण महाराष्ट्रात पातळी राखणारे यंत्र आणि टाकी थंड ठेवण्याची व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. प्रवाळांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना अन्न पुरवतात. पाणी दीर्घकाळ प्रमाणाबाहेर तापले, की प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातातील प्रवाळभिंती मोठ्या प्रमाणावर पांढऱ्या पडल्या, त्यामागे हेच कारण होते. घरच्या टाकीत पाणी २५ ते २७ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवण्यासाठी एकतर चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावा लागतो किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारे लहान पंखे लावावे लागतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता पाण्यातून निघून जाते. दिवसाला चार लिटर उडाले, तर टाकीतून सतत ११० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडत असते, आणि तीही अवघ्या काही वॅटवर चालणाऱ्या पंख्यांच्या जोरावर. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती उत्तम साधते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथील दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि पंखे अपुरे पडतात. तेथे चिलरला पर्याय नाही, असे माझे मत आहे. पंख्यांवर विसंबायचे ठरवले, तर उडालेले पाणी भरणारे यंत्र ही चैन राहत नाही. ते नसेल तर पंख्यांनी थंड केलेली टाकी आपणच खारट करत बसतो.

आता यंत्राकडे वळू. टुंझे ही बव्हेरियातील पेन्झबर्ग येथील कंपनी आहे आणि खाऱ्या पाण्याच्या टाक्यांसाठी लागणारे पंप व उपकरणे ती दीर्घकाळ बनवत आली आहे. ऑस्मोलेटर ३१५५ मध्ये एक लहान नियंत्रक, गोड्या पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवायचा एक छोटा पंप, त्याची नळी, आणि चुंबकी पकडीने संपाच्या काचेवर बसणारे दोन संवेदक असतात. खालचा संवेदक प्रकाशावर चालतो. त्याच्या पारदर्शक टोकातून अवरक्त किरण सोडले जातात. टोक हवेत असेल तर ते आतल्या आत परावर्तित होऊन परत येतात, आणि पाण्यात बुडलेले असेल तर पाण्यात निसटून जातात. या फरकावरून पाणी पातळीवर आहे की खाली गेले आहे, हे नियंत्रक ओळखतो. यात हलणारा भागच नसल्यामुळे अडकण्याचा प्रश्न येत नाही. वरचा संवेदक मात्र साधा फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग, आहे आणि तो रोजच्या कामासाठी नाही. काही कारणाने खालच्या संवेदकाने चुकीची खबर दिली आणि पाणी चढतच गेले, तर फ्लोट उचलला जातो, पंप बंद होतो आणि गजर वाजतो. तिसरी खबरदारी वेळेची: पंप सलग दहा मिनिटे चालूनही पातळी आली नाही, तर नियंत्रक तो थांबवतो आणि गजर देतो. डबा रिकामा झाला, नळी निसटली किंवा संपाला गळती लागली, तर ही तिसरी खबरदारी उपयोगी पडते.

एकमेकांवर अवलंबून नसलेल्या या तीन अटकावांसाठीच मी या यंत्राची किंमत मोजली. बाजारात एकाच फ्लोटवर चालणारी स्वस्त उपकरणे भरपूर आहेत आणि पहिले काही महिने ती नीट चालतातही. परंतु खाऱ्या पाण्यात फ्लोटच्या दांड्यावर मिठाचे आणि चुन्याचे कण बसत जातात, आणि एके दिवशी तो खालीच अडकून पडतो. मग पंपाला थांबवणारे काहीच उरत नाही. परिचयातील एका टाकीत अशाच एका उपकरणाने डब्यातील सगळे पाणी रातोरात संपात सोडले होते आणि सकाळी जमिनीवर पाणी, टाकीत निपचित पडलेले झिंगे, असे दृश्य होते. पातळी राखणारे यंत्र बिघडले तर ते कोणत्या बाजूला बिघडते, हा विचार खरेदीपूर्वीच करायला हवा.

जोडणी सोपी आहे, पण दोन बाबतींत हयगय चालत नाही. पहिली बाब म्हणजे नळीचे टोक. गोड्या पाण्याचा डबा भरलेला असताना त्यातील पाण्याची जी उंची असेल, तिच्या वर नळीचे तोंड राहिले पाहिजे आणि ते संपातील पाण्यात बुडता कामा नये. हे पाळले नाही, तर पंप थांबल्यावरही पाणी वक्रनलिकेप्रमाणे आपोआप वाहत राहते, आणि तेव्हा दोन्ही संवेदक व दहा मिनिटांची मर्यादा हे सर्व निरुपयोगी ठरते, कारण नियंत्रक फक्त पंप बंद करू शकतो, पाणी अडवू शकत नाही. कपाटात जागा कमी म्हणून डबा उंचावरच्या फळीवर ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दुसरी बाब डब्याच्या आकाराची. मोठा डबा म्हणजे भरण्याची कटकट कमी, हे खरे असले तरी सगळे अटकाव फसले तर तो पूर्ण रिकामा होणार, हे गृहीत धरून आकार ठरवावा. २०० लिटरच्या टाकीत वीस लिटर गोडे पाणी एकदम गेले, तर क्षारता ३५ वरून ३१.८ वर येते. प्रवाळ कोमेजतील, पण बहुधा सावरतील. पन्नास लिटर गेले, तर २८ वर येते, आणि तेथून सावरण्याची खात्री मी देणार नाही. म्हणून माझ्याकडे वीस लिटरचाच डबा आहे. ते वीस लिटर मावतील एवढी रिकामी जागाही संपात राखलेली आहे.

संवेदक बसवायचे ते वरच्या टाकीकडे पाणी परत पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात, कारण संपाच्या इतर कप्प्यांतील पातळी आडव्या काचांमुळे स्थिर राहते आणि बाष्पीभवनाचा सगळा परिणाम याच एका कप्प्यात दिसतो. संपात शैवाल वाढवण्यासाठी दिवा लावला असेल, तर त्याचा झोत थेट संवेदकावर पडू देऊ नये. पाणी बदलण्यापूर्वी ऑस्मोलेटरचा प्लग काढून ठेवावा, नाहीतर आपण खारे पाणी उपसत असताना पातळी घसरलेली पाहून तो प्रामाणिकपणे गोडे पाणी ओतत राहतो.

आता दीर्घ वापरातील एका अडचणीविषयी, जी माहितीपत्रक वाचून सुचत नाही. टाकीतील शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी रात्री संपातही पोहोचतात आणि काचेवरून सरकत कधीतरी त्या प्रकाशसंवेदकावर येऊन थांबतात. नियंत्रकावरचा दिवा तेव्हा पाणी भरलेले असल्याचे दाखवतो, पंप गप्प असतो, आणि कप्प्यातील पाणी बोटभर खाली गेलेले असते. निरखून पाहिले तर संवेदकाच्या टोकावर गोगलगायीचा ओला, मांसल पाय चिकटलेला आढळतो. अवरक्त किरणांच्या दृष्टीने ती ओल म्हणजे पाणीच. या बिघाडाची दिशा तुलनेने सुरक्षित आहे, कारण पाणी ओतले जात नाही, क्षारता फक्त हळूहळू चढते; परंतु त्याचा गजरही वाजत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते. मी प्लॅस्टिकच्या जाळीची एक नळकांडी कापून संवेदकाभोवती बसवली आणि त्यानंतर हा प्रकार थांबला. एवढी साधी जाळी कंपनीने खोक्यातच द्यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. प्रकाशसंवेदकाच्या टोकावर शेवाळाचा थर धरू लागला, की मऊ कापडाने पुसावे, आणि फ्लोट महिन्या-दीड महिन्यातून काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवावा. नेहमीच्या कामासाठी तो वापरला जात नसल्याने त्याच्याकडे दुर्लक्ष होते, आणि नेमका गरजेच्या दिवशीच तो जाम झालेला निघाला, तर त्याच्यासाठी मोजलेले पैसे वाया गेले म्हणायचे. साफ केल्यावर तो बोटाने वर उचलून गजर वाजतो की नाही, हेही पाहून घ्यावे.

यंत्र कितीही चांगले असले तरी ते डब्यात असेल तेच पाणी टाकीत घालणार, आणि आपल्या शहरांत हा विषय नाजूक आहे. टाकीतून फक्त शुद्ध पाणी उडते. भरलेल्या पाण्यासोबत आलेले क्षार मागेच राहतात आणि साठत जातात. प्रति लिटर १०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेले पाणी रोज चार लिटर घातले, तर वर्षभरात १४६ ग्रॅम नको असलेले पदार्थ २०० लिटरच्या टाकीत गेलेले असतात. त्यांत सिलिकेट आणि नायट्रेट असेल, तर तपकिरी आणि हिरव्या शेवाळाला आमंत्रणच मिळते, आणि तांब्याचा अंश असेल तर झिंगे व गोगलगायी दगावतात. स्वयंपाकघरातील आरओचे पाणी येथे चालत नाही, कारण पिण्याचे पाणी बेचव होऊ नये म्हणून अशा बहुतेक यंत्रांत थोडे मूळ पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळण्याची सोय असते. आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांमधून) गाळलेले, मीटरवर शून्य टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) दाखवणारे पाणीच डब्यात घालावे. पुण्यात धरणाचे पाणी तुलनेने मवाळ असल्याने रेझिन बरेच दिवस पुरते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले आणि त्यात बोअरवेलचे पाणी आले, की तेच रेझिन झपाट्याने संपते. त्या महिन्यांत डबा भरण्यापूर्वी प्रत्येक वेळी टीडीएस मोजावा.

काहीजण या डब्यात साध्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी भरतात, म्हणजे पाण्याबरोबर कॅल्शियम आणि अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) आपोआप मिळते. कल्पना जुनी आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने पक्की आहे, तरीही आपल्या हवामानात मी तिची शिफारस करणार नाही. संपृक्त निवळी चार लिटर गेली, तर २०० लिटरच्या टाकीत अल्कलिनिटी एका दिवसात सव्वादोन डीकेएचहून (डीकेएच हे अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) अधिक वाढते, जे मऊ प्रवाळांच्या टाकीला कितीतरी जास्त आहे. पावसाळ्यात दिवसाला एकच लिटर उडते, तेव्हा तेवढीच निवळी जेमतेम अर्ध्या डीकेएचची भर घालते. म्हणजे टाकीला किती चुना मिळावा, हे प्रवाळांच्या गरजेऐवजी बाहेरची हवा ठरवू लागते. शिवाय पंपाच्या फिरकीवर चुन्याचा थर बसतो, आणि यंत्र फसले तर केवळ गोडे पाणी नव्हे, तर बारापेक्षा अधिक पीएचचे द्रावण टाकीत जाते. मऊ प्रवाळांच्या टाकीची खनिजांची गरज नियमित पाणीबदलातून भागते. डब्यात शुद्ध पाणीच असू द्यावे.

वीज गेल्यावर काय होते, हाही आपल्याकडे महत्त्वाचा प्रश्न आहे. परतीचा पंप थांबला, की वरच्या टाकीतील थोडे पाणी संपात उतरते, पातळी वाढते आणि ऑस्मोलेटर स्वस्थ राहतो. वीज परत आल्यावर मात्र परतीचा पंप सुरू होताच कप्प्यातील पाणी क्षणभर बरेच खाली जाते, आणि वरून वाहणारे पाणी परत येईपर्यंत ऑस्मोलेटर काही सेकंद गोडे पाणी सोडतो. एकदोन वेळा असे झाल्याने काही बिघडत नाही. दिवसातून अनेकदा वीज ये-जा करणाऱ्या भागात मात्र परतीचा पंप आणि ऑस्मोलेटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेणे चांगले. यंत्राचा वीजवापर नगण्य आहे आणि त्याचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर थेट चालतो.

घर बंद ठेवून जाण्याची सोय, हा या यंत्राचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. गणपतीला कोकणात गावी जायचे, तर माशांना खाद्य घालणारे स्वयंचलित यंत्र आणि भरलेला डबा एवढ्यावर टाकी आठवडाभर निर्धास्त राहते. भाद्रपदातील दमट हवेत बाष्पीभवन कमी असल्याने वीस लिटर पाणी पुरून उरते. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र तेच पाणी पाच दिवसांत संपते, तेव्हा शेजाऱ्यांकडे किल्ली आणि शुद्ध पाण्याचे दोन कॅन ठेवावेच लागतात. गजर घरातच वाजतो. फोनवर निरोप येण्याची सोय माझ्याकडील यंत्रात नाही, आणि या किमतीच्या उपकरणाची ही खरी उणीव आहे. गजराचा आवाजही बेताचाच आहे, कपाटाचे दार बंद असेल तर शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. शिवाय स्वयंचलित यंत्र बसवले म्हणून क्षारता मोजणे सोडू नये. पातळी राखणे आणि क्षारता राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: स्किमरच्या (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या उपकरणाच्या) पेल्यातून रोज थोडे खारे पाणी बाहेर जाते, नळ्यांच्या कडेने मीठ साचते, आणि त्या जागी यंत्र गोडेच पाणी भरत असल्याने क्षारता महिन्यांच्या ओघात हळूहळू उतरते. ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) आठवड्यातून एकदा मोजणी केली, तर हा उतार वेळीच लक्षात येतो आणि पुढच्या पाणीबदलात मीठ किंचित वाढवून भरून काढता येतो.

यंत्र आयात होऊन येते, त्यामुळे एका फ्लोटच्या उपकरणाच्या कितीतरी पट किंमत मोजावी लागते, आणि ते प्रत्येक शहरात मिळत नाही. पन्नास लिटरहून लहान टाकी असेल आणि घरात रोज कोणी ना कोणी असेल, तर काचेवर मार्करने रेघ ओढून सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी घालणे पुरेसे आहे. त्यांनी हा खर्च करू नये. शंभर लिटरच्या पुढच्या, पंख्यांवर थंड होणाऱ्या आणि पाच-सात वर्षे तरी टिकवायच्या टाकीसाठी मात्र चांगल्या दिव्यांच्याही आधी याचा विचार करावा. विकत घेतानाच सुटा पंप मागवून ठेवावा, कारण यात झिजणारा भाग मुख्यतः तोच आहे. तो ऐन उन्हाळ्यात बंद पडला, तर नवा येईपर्यंत दिवसातून दोनदा तांब्या घेऊन संपाशी उभे राहावे लागते.